मनगटाला बांधलेली जमीन

मी मनगटपट्टा बोलतोय. हसू नका. मी घड्याळाचा पट्टा नव्हे, आणि दागिना तर नव्हेच. माझ्यात काटा नाही, खडा नाही, दिवा नाही. निळ्या इलॅस्टिकची एक पट्टी, तिच्यावर स्टीलचं बटण, बटणाला वेटोळ्यांची वायर आणि वायरीच्या टोकाला मगरीच्या जबड्यासारखा चिमटा. एवढाच माझा पसारा. कॉम्प्युटरच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला मी जमिनीशी जोडतो. माझ्यामुळे एका बाईचं काम वाचलं, आणि चाळीस वर्षं कुणापुढे न वाकलेला एक लाइनमन वाकला. मोठेपणासाठी सांगत नाही. झालं ते सांगतो. थोडा मोठेपणा वाटला तर वाटू दे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. इलॅस्टिकच्या आतल्या बाजूला धातूचा बारीक धागा विणलेला असतो, तोच कातडीला टेकतो. बटणाखालच्या काळ्या डबीत तांदळाच्या दाण्याएवढा एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, बसवतात. त्याचं काम पुढे कळेल. शेडच्या शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येक पट्टा स्वतःच्या मनगटाला लावायची आणि चिमटा तपासणीच्या पेटीला टेकवायची. हिरवा दिवा लागला तर पट्टा पुढे. लाल लागला तर टोपलीत. माझ्या आधीचे दोघे टोपलीत गेले. माझी पाळी आली. हिरवा!

शेजारीण तिला म्हणाली, "किती वेळ लावतेस गं एकेकाला? पट्टाच तर आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाली. "खोटा पट्टा बांधण्यापेक्षा न बांधलेला बरा. माणूस विश्वासानं हात घालतो."

ते वाक्य मी जन्मभर धरून ठेवलं.

पुढे मी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात हुकाला लटकलो. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा कपाळावर, बोलणं तोडून. एक दिवस एक तरुण गिऱ्हाईक आली. अंगावर लोकरीचे तंतू, हाताला सुयांचे ओरखडे. तिला कॉम्प्युटरचा वेग वाढवायला मेमरीची पट्टी हवी होती.

"घरी कोण बसवणार?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं.

"सासरे. ते वीज खात्यात होते."

"आणि घरात काय काम चालतं?"

"विणकाम. मशीनवर. लोकरीचं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "खोलीभर लोकर, आणि त्यात कॉम्प्युटर उघडणार? मग हा न्याच." असं म्हणून त्यांनी मला हुकावरून काढलं. चंदेरी पाकिटातली मेमरी आणि मी, एकाच पिशवीतून घरी निघालो. कामाला लागायचं म्हणून माझी वेटोळी नुसती थरथरत होती.

घर लहान. पुढच्या खोलीत टेबलाएवढं लांब विणकामाचं मशीन, त्याला दोनशे सुया. सुयांवरून एक गाडी हातानं इकडून तिकडे ढकलायची, की एक ओळ विणली जायची. कुठली सुई कधी उचलायची हे शेजारचा कॉम्प्युटर मशीनला सांगायचा. म्हणजे नक्षी कॉम्प्युटरची आणि मेहनत सुनेची. खाली जाड गालिचा. भिंतीला लागून नकली लोकरीचे कोन, लाल, निळे, पिवळे, छातीपर्यंत रचलेले. माझ्यासारख्याला ते बघूनच घाम फुटला.

घरात माणसं दोन. नवरा लांब कुठे बोगद्याच्या कामावर, तो सुटीपुरता यायचा. बाकी सून आणि सासरा. सासरा निवृत्त लाइनमन. जुने सोबती त्याला "खांब" म्हणायचे. उंच, ताठ, आणि कमी बोलणारा. तिसरं एक पिवळं मांजर होतं. ते सासऱ्याचं. त्याच्याच मांडीवर झोपायचं.

दाराजवळच्या खिळ्याला म्हाताऱ्याचा खांबावर चढायचा कमरपट्टा टांगलेला होता. जाड कातडी. एक शिवण उसवली तेव्हा त्यानं स्वतःच तो बाद केला होता आणि घरी आणून टांगला होता. त्याला मी पहिल्याच दिवशी मनातून सलाम केला. कामाचा पट्टा कामाच्या पट्ट्याला ओळखतो.

सुनेनं मला पिशवीतून काढलं. म्हातारा बघत होता.

"हे काय आणलंस?"

"मनगटाला बांधायचं, बाबा. कॉम्प्युटर उघडताना. दुसरं टोक जमिनीला जोडायचं."

"जमिनीला?" म्हाताऱ्यानं मला दोन बोटांत धरलं. मेलेला उंदीर धरतात तसं. "चाळीस वर्षं मी नव्या माणसांना ओरडून सांगितलं, जमिनीपासून सुटे राहा, रबर घाला. आता म्हातारपणी स्वतःला जमिनीला बांधून घेऊ? गोठ्यातल्या गाईसारखा?"

"दुकानवाल्या बाई म्हणाल्या, अंगावरची वीज—"

"तिला म्हणावं, मी अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली बसून जेवलोय. अंगावरची वीज म्हणे!"

सून हसली आणि मशीनकडे वळली. तिला कामं होती. बसवायला सवड होईपर्यंत म्हणून मेमरी खणात गेली. माझं काय झालं ऐका. माझ्या चिमट्यानं लोकरीच्या पिशवीचं तोंड बंद केलं. मला! तपासणीत हिरवा दिवा लावून आलेल्याला! वर्षभर मी पिशवीचं तोंड धरून होतो. मांजर येता-जाता माझ्या वायरीला पंजा मारायचं. एकदा म्हाताऱ्यानं चष्मा पडू नये म्हणून मला कानामागून बांधून बघितलं. दहा मिनिटांत परत पिशवीला लावलं. शोभत नव्हतो म्हणे.

मग थंडी आली. त्या वर्षीची थंडी कोरडी ठणठणीत. ओठ फुटायचे, दारं आकसायची. आणि म्हाताऱ्याच्या अंगात वीज भरू लागली.

कशी ते सांगतो. अंगात लोकरीचा स्वेटर, पायात रबरी तळाचे बूट, खाली गालिचा. चालताना घासून घासून वीज अंगावर चढते. हवा दमट असली तर आपोआप निघून जाते. कोरड्या हवेत जात नाही. रबर तिला जमिनीतही उतरू देत नाही. माणूस पाण्याच्या टाकीसारखा भरत जातो. मग दाराच्या कडीला हात लावला की चट्! कित्येकदा त्या म्हाताऱ्याच्या अंगावर दहा-बारा हजार व्होल्ट असायचे. ज्या तारेला तो जन्मभर मान देत आला तेवढेच. फक्त साठा इवलासा, म्हणून माणसाला चिमटा बसतो आणि विसरतो. चिपला विसरता येत नाही.

मांजरालाही विसरता येईना. म्हातारा त्याच्या नाकाकडे प्रेमानं बोट न्यायचा. चट्! मांजर हवेत. चार-पाच वेळा हे झाल्यावर मांजर कपाटावर राहायला गेलं. म्हातारा खाली उभा राहून "ये रे, ये" म्हणायचा. मांजर वरून बघायचं. त्या नजरेत ओळख होती, भरवसा नव्हता.

"म्हातारं झालंय ते," तो सुनेला सांगायचा. "लहरी झालंय."

"लहरी कोण झालंय कोण जाणे," सून गाडी ढकलत म्हणायची.

तेवढ्यात सुनेला मोठं काम मिळालं. अठरा माणसांची तुकडी बर्फाळ डोंगरावरच्या हवामान केंद्रात वर्षभरासाठी चालली होती. प्रत्येकाला एक स्वेटर हवा होता, आणि प्रत्येकाच्या छातीवर त्याचं नाव आणि रक्तगट विणलेला हवा होता. बर्फात सगळ्यांचे चेहरे झाकलेले असतात. पडलेला माणूस कोण, त्याला रक्त कुठलं चालेल, हे छातीवरच वाचता आलं पाहिजे. शिवलेली पट्टी निघून जाते, विणलेलं नाव जात नाही. आणि नाव विणायला कॉम्प्युटर लागतो.

तुकडीची गाडी शनिवारी दुपारी दोनला दारात यायची होती. काम वेळेत गेलं तर दरवर्षीची तुकडी सुनेचीच. नाही गेलं तर ती मशीन विकून परत गिरणीत जाणार होती, दोन तास लांब, पाळ्यांवर. ते तिनं म्हाताऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. म्हातारा म्हणाला होता, "जाणार नाहीस." एवढंच.

बुधवारपर्यंत चौदा झाले. पण कॉम्प्युटर त्रास देऊ लागला. सून कोरड्या लोकरीवरून गाडी सपासप ढकलायची, मध्येच पडदा गोठायचा. एका नावाचं शेवटचं अक्षर मोडलं, सगळा भाग उसवावा लागला.

"पुन्हा अडकला!" सून ओरडली. "बाबा, बघा ना याच्याकडे!"

म्हाताऱ्यानं मीटर आणला, प्लगचा व्होल्टेज मोजला. "इकडून वीज चोख आहे. तुझा कॉम्प्युटरच भिकार."

मी पिशवीवरून ओरडत होतो, "लोकर हलवा! टेबलापासून लांब न्या! गालिचा काढा!" पट्ट्याचं कोण ऐकतं?

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. तीनदा टीं टीं टीं वाजला आणि बसला. म्हाताऱ्यानं कान देऊन ऐकलं. पुस्तिकेत शोधलं. "मेमरी गेली. नवी आहे ना खणात? दे इकडे. पाच मिनिटांचं काम."

मग त्यानं तयारी केली. काय ती तयारी! आतल्या खोलीतून त्याचे लाइनवरचे जाड रबरी बूट आले. रबरी चटई आली. रबरी हातमोजे आले. प्लग काढला, दोनदा बघितला. तो चटईवर उभा राहिला तेव्हा खरंच खांबासारखा दिसला. सून कौतुकानं बघत होती. आणि मी घाबरून गोठलो. त्यानं जमिनीकडे जायच्या सगळ्या वाटा स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या!

हातमोज्यांनी स्क्रू धरता येईना, म्हणून हातमोजे काढले. मेमरी चंदेरी पाकिटातून काढली. ते पाकीट आमच्याच भाऊबंदांपैकी, ते चिपला अंगावरच्या विजेपासून जपतं. आणि त्यानं ती उघडी मेमरी ठेवली कुठे? लोकरीच्या ढिगावर! मग पक्कड आणायला गालिच्यावरून रबरी बूट घासत आत गेला आणि तसाच परत आला. वाकला. बोट मेमरीच्या सोनेरी दातांकडे नेलं.

टच्.

त्याला जाणवलंही नाही. मी ऐकलं.

मेमरी खाचेत बसली, प्लग लागला. टीं टीं टीं. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. टीं टीं टीं.

"माल खराब निघाला," म्हातारा म्हणाला.

सून स्टुलावर बसली. मग म्हणाली, "चार राहिलेत, बाबा."

"माहीत आहे मला."

कपाटावरून मांजर दोघांकडे बघत होतं.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच सून दारात जाऊन उभी राहिली. परत आली ती दम लागलेली, हातात नवं चंदेरी पाकीट.

"दुकानात हे एकच होतं. दुसरं यायला आठवडा लागेल."

"आधीचं बदलून दिलं?"

"नाही. बाईंनी विचारलं, पट्टा बांधला होता का? मी खोटं बोलले नाही."

"मग?"

"म्हणाल्या, माल खराब नव्हता. हात खराब होता."

म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझा हात? हा हात?" त्यानं हात पुढे केला. काळा, भेगाळलेला, चाळीस वर्षांचा हात. "प्लग काढलेला होता. पायात रबर होतं. खाली रबर होतं. मग वीज आली कुठून?"

"तुमच्यातून."

"काय बोलतेस!"

"मांजराला देता ती."

म्हाताऱ्यानं मान वर केली. मांजरानं त्याच्याकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकलं.

सूनही हट्टाची. तिनं आवाज खाली आणला. "बाबा, एक विचारू? बंद केलेल्या लाइनवर काम करायचं असलं तर आधी काय करायचात?"

"परवानगीचा कागद घ्यायचो."

"मग?"

"मग काय! आधी लाइन जमिनीला बांधायची. लांब दांडा असतो, त्याला वायर, वायरीचं दुसरं टोक जमिनीत. बंद तारेतही वीज दडून बसलेली असते. शेजारच्या तारेची असते, आभाळातल्या ढगाची असते. कागदावर लाइन मेलेली असते, पण ती असते जिवंत. म्हणून आधी सगळी जमिनीत सोडायची आणि मगच हात—"

तो थांबला. पायांतल्या बुटांकडे बघितलं.

मी पिशवीवर ताठ झालो. बोल, म्हटलं, म्हाताऱ्या, बोल!

"रबर चालू लाइनला," तो सावकाश म्हणाला. "बंद लाइनला जमीन." मग एकदम कपाळावर हात मारला. "अगं, मी बंद लाइनवर चालू लाइनचा पोशाख घालून चढलो! कालचा शिकाऊ उमेदवार करणार नाही ही चूक! माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर खांबावरून खाली ओढला असता त्याला! कुठाय तो पट्टा?"

"पिशवीला."

त्यानं मला पिशवीवरून उपटलं तेव्हा लोकरीचे गुंडे खोलीभर घरंगळले. कुणी उचलले नाहीत.

पण खांब तो खांब. मला मनगटावर चढवण्याआधी थबकला. "थांब. जमिनीला बांधलेला माणूस चुकून चालू तारेला लागला तर जागच्या जागी जाईल. हा पट्टा बनवणाऱ्यानं त्याचा विचार केलाय का?" त्यानं मीटर काढला. एक टोक माझ्या बटणाला, दुसरं चिमट्याला. काटा हलला आणि थांबला.

"दहा लाख ओहम!" म्हातारा जवळजवळ नाचला. "सूनबाई, बघ! आत पहारेकरी बसवलाय! अंगावरची वीज हळूहळू सोडतो, पण बाहेरची आली तर माणसाला मारण्याइतकी वाहूच देत नाही. कुणी बनवलंय हे? डोकं आहे त्याला!"

तांदळाच्या दाण्याएवढा माझा रोधक! त्याचा असा मान आजवर कुणी केला नव्हता. बोलता आलं असतं तर मी किंचाळलो असतो.

मग धांदल उडाली. त्यानं मला स्वेटरच्या बाहीवर बांधलं, मीटरचं एक टोक मुठीत धरलं आणि दुसरं चिमट्याला लावलं. काटा हलेना. "कातडीला, बाबा, कातडीला!" सून म्हणाली. "तो स्वेटरच काढा." स्वेटर निघाला, आत जुना सुती सदरा. बूट निघाले. "थंडी वाजेल तुम्हाला."

"वाजू दे."

मला उघड्या मनगटावर बांधलं. चिमटा लावला कॉम्प्युटरच्या पेटीला, रंगावर, आणि मीटरचं दुसरं टोक पेटीच्या आतल्या धातूला. काटा पुन्हा मेलेला. "रंगावर नको!" मी आतल्या आत ओरडत होतो. म्हाताऱ्यानं नखानं रंग खरवडला, मान हलवली आणि मागच्या बाजूचा उघडा स्क्रू शोधला. चिमटा तिथे बसला. त्याच स्क्रूपासून त्यानं एक तांब्याची वायर थेट घराच्या अर्थिंगला नेली. ते अर्थिंग त्यानंच पुरलेलं होतं, मागच्या दाराजवळ, स्वतः खड्डा खणून. काटा थोडा हलला, पण पुरता नाही.

"आता काय?"

सुनेनं त्याचं मनगट चाचपलं. "तुमची कातडी आहे का सुकलेलं लाकूड?" तिनं ओला हात त्याच्या मनगटावरून फिरवला आणि मला पुन्हा घट्ट केलं. काटा सरकला. जिथे हवा तिथेच येऊन उभा राहिला.

मला जाणवलं ते! त्या म्हाताऱ्याच्या अंगातली सगळी वीज, स्वेटर काढताना चढलेलीसुद्धा, माझ्यातून निघाली आणि शांतपणे जमिनीत गेली. आवाज नाही, ठिणगी नाही. ज्या कामासाठी जन्मलो ते पहिल्यांदा केलं. त्या क्षणी मला कुणी सोन्याचा केला असता तरी नको म्हटलं असतं.

तेवढ्या वेळात सुनेनं गालिचा गुंडाळून बाहेर टाकला होता. स्टोव्हवर पातेलं चढवून खोलीत वाफ केली होती. दोरीवर ओले टॉवेल टांगले होते. लोकरीचे कोन समोरच्या भिंतीला गेले होते. खोली धोब्याच्या घरासारखी दिसत होती आणि हवा मऊ झाली होती.

म्हाताऱ्यानं पाकीट मांडीवर ठेवलं. मेमरी कडांना धरून बाहेर काढली, सोनेरी दातांना बोट लागू दिलं नाही. कुठेच टेकवली नाही. थेट खाचेत. दोन्ही बाजूंनी क्लिक, क्लिक. पेटी बंद करून त्यानं मला सोडलं आणि प्लग लावला. सुनेनं डोळे मिटले.

टीं.

एकदाच! पडदा उजळला! सून ओरडली, म्हातारा ओरडला, कपाटावरचं मांजरसुद्धा ओरडलं. कशाबद्दल ते त्यालाच माहीत.

"ढकल गाडी!" म्हातारा म्हणाला. "बघत काय बसलीस? चार राहिलेत!"

त्यानं मशीनच्या लोखंडी चौकटीपासूनही एक वायर अर्थिंगला नेली. मग सुती सदऱ्यात कुडकुडत सुनेच्या पाळीला पाळी लावून गाडी ढकलली. ती शिवायला बसली की तो ढकलायचा. ओळीमागून ओळ, एकदाही पडदा गोठला नाही. पंधरावा झाला. सोळावा झाला. "हळू, बाबा, टाके गळतील!" "तू तुझ्या सुईकडे बघ." सतरावा झाला. शनिवारी बाराला अठरावा मशीनवरून उतरला. दीडला त्याची शेवटची बाही शिवून झाली आणि सुनेनं इस्त्री घेतली.

दोनला गाडी आली. तुकडीच्या प्रमुख बाई आत आल्या, स्वेटर एकेक करून उलगडले, नावं आणि रक्तगट हातातल्या यादीशी ताडून पाहिले. अठराव्यावर हात फिरवला. "हा अजून गरम आहे."

"आत्ताच झालाय," सून म्हणाली.

"पुढच्या वर्षीही आम्हाला तुम्हीच."

सुनेनं म्हाताऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचा हात मात्र खिशात मला चाचपत होता.

गाडी गेली. म्हाताऱ्यानं जाऊन पेटीच्या उघड्या स्क्रूला बोट लावलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि मग कपाटाकडे हात वर केला. मांजरानं वास घेतला. नाक बोटाला टेकवलं.

काही झालं नाही.

मांजर खांद्यावर उतरलं. "लहरी नव्हतं बिचारं," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या कानामागे खाजवत राहिला.

त्या गोष्टीला आता नऊ हिवाळे झाले. मशीन तिथेच आहे, सून तिथेच आहे. कॉम्प्युटर तीन बदलले, त्यातला एकही हातानं मेला नाही. गल्लीतला कुठलाही कॉम्प्युटर उघडायचा असला की लोक म्हाताऱ्याला बोलावतात. तो मला खिशात घालून जातो आणि दारातच विचारतो, "स्वेटर कुणी घातलाय? काढा आधी." लोक हसतात. तो हसत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तो मला मीटरवर तपासतो. दर वेळी काटा जागेवर यायचा. माझं इलॅस्टिक सैल झालं, आतला धातूचा धागा झिजला, तरी यायचा. गेल्या महिन्यात काटा अडखळला. आज हललाच नाही. त्यानं मनगट ओलं करून पुन्हा बघितलं. वायर सरळ करून बघितलं. मी सगळा जीव एकवटला. नाही हलला.

सून म्हणाली, "राहू द्या ना, बाबा. सवयीचा आहे. चालेल."

"नाही चालायचा," म्हातारा म्हणाला. "खोट्या पट्ट्यापेक्षा रिकामं मनगट बरं. माणूस विश्वासानं हात घालतो."

त्या शेडमधल्या बाईचं वाक्य! ते त्याला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. नीट काम केलेली माणसं शेवटी एकाच वाक्यावर येतात. मला वाईट वाटलं नाही. छाती फुगली माझी.

तर माझं एवढंच मागणं आहे. कॉम्प्युटर उघडाल तेव्हा पट्टा बांधा. उघड्या कातडीला बांधा, चिमटा उघड्या धातूला लावा. आणि तो पट्टा खरा आहे ना, हे आधी तपासा.

म्हाताऱ्यानं मला टाकलं नाही. दाराजवळच्या खिळ्यावर, त्याच्या उसवलेल्या कमरपट्ट्याशेजारी टांगलं. दोन पावलं मागे होऊन बघितलं. मग नव्या पट्ट्याचं पाकीट फोडलं, मीटर लावला आणि कडक आवाजात त्याला म्हणाला, "दाखव बघू."

काटा हलला. शाब्बास रे पोरा!